काळ्या गालांचा नर

“बाहेरच्या पिंजऱ्यांना पाणी घाल फक्त. आतल्या खोलीत जाऊ नकोस,” काका पांघरुणातून म्हणाले. अंगात ताप, पण हुकूम खणखणीत.

मी लाँड्रीत इस्त्री करते. कपडे पोचवता पोचवता या घड्याळवाल्या काकांकडे झेब्रा फिंच पाहिल्या आणि नादी लागले. चिमणीहून लहान पाखरं. त्यांचे रंग ओळखायला काकांनीच शिकवलं. नराची पाठ करडी, गाल नारिंगी, तर तो साधा. त्याहून वेगळा निघाला तर म्युटेशन, म्हणजे दुर्मिळ आणि महाग. “खरा रंग रक्तात असतो, पिल्लांत उतरतो,” ते म्हणायचे. माझ्याकडचं प्रत्येक पिल्लू मी आधी त्यांना दाखवायचे.

गेल्या वर्षी माझ्या एका नराचे गाल नारिंगी होण्याऐवजी काळे पडू लागले. काकांनी फुंकर मारून पिसं बाजूला केली आणि मान हलवली.

“काय चारतेस गं याला? तेलकट दाण्यानं काळवंडलंय. राहू दे माझ्याकडे, बघतो वाचतंय का.”

आठवड्याने म्हणाले, गेलं. मी ढसाढसा रडले. नवरा म्हणाला, “पाखरासाठी एवढं?” पण माझ्या हातून मेलं होतं ना ते! त्यानंतर पुन्हा जोडी लावायचा मला धीरच झाला नाही.

आज बाहेरच्यांना पाणी घालून झालं, तोच आतून चिवचिवाट ऐकू आला. तहानलेली असतील म्हणून गेलेच.

खिडकीपाशी तोच नर होता. डाव्या पायाचं बोट जन्मापासून वाकडं, ते मी विसरणार होय? गाल काळेभोर, अंगाने चांगला गुबगुबीत. शेजारच्या पिंजऱ्यात त्याची पिल्लं, नातवंडं. त्यातली चार काळ्या गालांची. दाण्याचा दोष असा वंशात उतरत नाही.

केसाने गळा कापला माझा. पाखरू मागितलं असतं तर हसत दिलं असतं. पण वर्षभर मला मारेकरीण ठरवून हा माणूस माझ्याच हातचा चहा पीत होता.

नराला उचलून न्यावंसं वाटलं. तो मादीच्या अंगाला अंग लावून बसला होता. पाणी घातलं आणि बाहेर आले.

काकांनी माझ्या तोंडाकडे पाहिलं. “अगं, तुला झेपलं नसतं. असा रंग जपायचा म्हणजे खायचं काम नाही.”

“मग तसं सांगायचं होतं. मेलं कशाला म्हणालात?”

ते भिंतीकडे वळले.

तेवढ्यात बेकरीवाली आली. तीही काकांना विचारून फिंच पाळायची. हातात भोकं पाडलेला खोका. “काका, बघा ना, याच्या पाठीवर पांढरे डाग आलेत. माझं काही चुकलं का हो?”

काकांनी पांघरुणातून हात पुढे केला. मी आधी खोका घेतला. फुंकर मारून पाहिलं. कातडी स्वच्छ, पिसंच पांढरी.

“याच्या भावंडांत आणखी कुणाला आहेत असे?”

“एकाला आहेत.”

“मग तुमचं काही चुकलेलं नाही. हा रंगच आहे त्याचा, रक्तातला. घरी न्या आणि कुणाला देऊ नका.”

तिने खात्रीसाठी काकांकडे पाहिलं. त्यांनी पुढे केलेला हात पांघरुणात ओढून घेतला.

“तुम्ही कुठं शिकलात हो हे?” तिने मला विचारलं.

“इथंच,” मी म्हणाले.