खोळीत अडकलेले बाबा

"वहिनी, कॅमेरा भिंगरीच्या हातात देतील, त्यात काही विशेष नाही. पण तुकडे कोण जोडणार आणि आवाज कोण घालणार, ते आधी विचार," लग्नाच्या व्हिडिओंचं एडिटिंग करणाऱ्या नणंदेनं बजावलं होतं.

"तुला ना, सगळीकडे काळंबेरंच दिसतं," म्हणत वहिनीनं ते उडवून लावलं. खरं तर काळजी करण्यात तिचा हात धरणारं घरात कुणी नव्हतं. सभागृहाला आगीच्या वेळी पळायचं दार आहे का, टेबलांचे कोपरे टोकदार तर नाहीत, प्यायचं पाणी कुठलं, सगळं तिनं खोदून खोदून विचारलं होतं. नेमकं कामाचं तेवढं राहिलं.

उपक्रमाचं नाव 'सर्वसमावेशक युवा चित्रपट कार्यशाळा'. तिच्या अकरा वर्षांच्या लेकीला, भिंगरीला, जन्मापासून ऐकू येत नाही, त्यामुळे निवड चुटकीसरशी झाली. भिंगरीनं केलेला सिनेमा मात्र भलताच होता. बाबा रजईला खोळ घालायला जातात, कोपरे जुळवता जुळवता स्वतःच आत शिरतात, आणि मग बाहेर पडायचं तोंड काही त्यांना सापडत नाही. खोळ घरभर हिंडते. बाबांना हे पुन्हा पुन्हा करावं लागलं, कारण कॅमेरा धरणारीच हसून लोळत होती.

सिनेमे दाखवायच्या दिवशी मंचावर भला मोठा फलक होता : 'चला, त्यांचा आवाज होऊया!' खुणांच्या भाषेत समजावणाऱ्या बाईंना एका कोपऱ्यात उभं केलं होतं. दिवे मालवले तशा त्याही दिसेनाशा झाल्या. हात बहुधा चालूच असावेत.

पहिल्या रांगेत बसलेल्या भिंगरीनं खुर्ची उलटी फिरवली. सिनेमा तिला पाठ होता. तिला बघायचं होतं ते लोकांचं हसणं. कानांनी मिळत नाही, म्हणून डोळ्यांनी टिपायचं.

सिनेमा सुरू झाला आणि आईनं कान टवकारले. व्हायोलिन रडत होतं. खोळ दिसली की आणखीच कळवळत होतं. वर एक घोगरा आवाज सांगत होता, "अंधारात वाट शोधणारा... एक बाप."

प्रमुख पाहुण्यांनी नाक शिंकरलं. "काय रूपक आहे!"

"अहो, रूपक कसलं, खोळ आहे ती," शेजारी बसलेले बाबा कुजबुजले. "बटणंसुद्धा दिसतायत."

पाहुण्यांनी त्यांचा हात दाबला. "कळतं हो मला."

भिंगरीनं आईला बोटांनी विचारलं, "सगळे का रडतायत? बाबा आत मेले असं वाटलं का त्यांना?"

आई तडक उठली आणि मागच्या टेबलापाशी गेली. तिथे कार्यशाळेच्या मॅडम कौतुकानं मान डोलावत बसल्या होत्या.

"मॅडम, हे संगीत कुणी घातलं?"

"आम्हीच! छान झालंय ना? मूक ठेवला असता तर ऐकू येणाऱ्या प्रेक्षकांवर अन्याय नसता का झाला? सर्वसमावेशक म्हणजे सगळेच आले."

"पण विनोदी सिनेमा आहे हा! तिला विचारलं होतंत?"

"तिला कुठे ऐकू जाणार आहे, ताई? तिला काय फरक पडतो?"

आयुष्यात कधी साधी रांग न मोडलेल्या आईनं हात लांब केला आणि आवाज पार बंद करून टाकला.

पडद्यावर खोळ कपाटाला धडकली, दोन पावलं मागे सरली आणि वाकून कपाटालाच वाट विचारू लागली. आधी एक पोर फिसकन हसलं. मग त्याची आई. मग स्वतः बाबा असे खिदळले की खुर्ची करकरली. खोळ दार उघडायला गेली आणि पार्सलवाला पार्सल टाकून पळाला, तेव्हा अख्खं सभागृह गदागदा हलत होतं. भिंगरी एकेका चेहऱ्याकडे बोट दाखवत होती : हा हसला, ही हसली, तो मिशीवालापण!

"किती धीरानं हसतायत सगळे," प्रमुख पाहुणे डोळे पुसत म्हणाले.

पुढच्या सिनेमाला आई जागेवर परतली, भिंगरीनं खुर्ची सरळ केली; मॅडम मात्र बटणांवर हात ठेवूनच बसल्या. तो होता कुबड्या घेऊन चालणाऱ्या, दोन वेण्यांच्या एका मुलीचा. बंद पडलेल्या लिफ्टच्या आतून कुणीतरी रोज दार ठोठावतं, अशी गोष्ट. बघणाऱ्याची पाचावर धारण बसावी म्हणून केलेली. पण पुन्हा तेच व्हायोलिन लागलं आणि लोक हळहळले. "बिचारी! त्यात लिफ्टसुद्धा बंद!"

बक्षिसाला तिला पुकारलं, तर ती जागेवर नव्हती. भिंगरीच्या आईनं व्हरांडा पाहिला, जिना पाहिला, फाटकापर्यंत धावत गेली. नाहीच सापडली. "भारावून गेली असेल," मॅडम म्हणाल्या.

आईच्या मनातून ती पोर अजून जात नाही. म्हणून वाचणाऱ्यांना तिचं एवढंच सांगणं आहे : दोन वेण्यांची, कुबड्यांवर झपाझप चालणारी अशी कुणी तुमच्या इमारतीत, वर्गात, ओळखीत असेल, तर जरा तिच्याकडे डोकावून या. बिचारी म्हणू नका. तिला सांगा, सिनेमात लिफ्टचं दार उघडलं तेव्हा, व्हायोलिन ऐकू न येणारी पहिल्या रांगेतली एक मुलगी किंचाळून आईला बिलगली होती. आणि पुढचा सिनेमा करतेय ना, तेवढं विचारा.