ओरिसियाची भट्टी

मित्रांनो, मी एक जुनी पावभट्टी आहे, पण माझ्या पोटात जाळ कधीच पेटला नाही. कॅनडातल्या मॅनिटोबा प्रांतात, एका नदीकाठच्या गावात, उंचावरच्या शाळेच्या स्वयंपाकघरात मी उभी आहे.

मला ओरिसियाने घडवलं. विनिपेगला शिकून ती इंजिनिअर झाली, पण तिचं बालपण गेलं प्रोकोपमामाच्या बेकरीत. विटांच्या भट्टीत उष्णता पावाच्या सालीतून हळूहळू गाभ्याकडे सरकते, त्यामुळे वेळ जातो, हे ती लहानपणापासून बघत होती. गाभा आतूनच तापवला तर? म्हणून तिने एका पोलादी कपाटात गरम हवेचा पंखा बसवला आणि वर मायक्रोवेव्हच्या लहरी सोडणाऱ्या दोन नळ्या लावल्या. ती मी.

माझा पहिला पाव पांढराफटक निघाला, आणि गार झाल्यावर चामड्यासारखा चिवट झाला. मामाने तो वाकवून पाहिला.

"पोरी, ह्याचे सोल छान होतील. माझ्या बुटांना लाव."

"हसा मामा, पोटभर हसा. उद्या पुन्हा भाजणार आहे."

"उद्या बुटांची दुसरी जोडी आणतो मग!"

तिने पुन्हा भाजला, आणि पुन्हा बिघडला. लहरी गाभ्यातली वाफ बाहेर ढकलत होत्या आणि ती सालीवरच साचत होती. मग ओरिसियाने हवा आधीपासून कडक तापवून ठेवली, लहरींचा जोर कमी केला. किती पाव डुकरांच्या वाट्याला गेले असतील, कोण जाणे! शेवटी एके दिवशी तांबूस, कुरकुरीत सालीचा पाव निघाला, तोही विटांच्या भट्टीपेक्षा निम्म्याहून कमी वेळात. मामाने त्याचा कडेचा तुकडा सावकाश चावून खाल्ला.

"पाव आहे," तो म्हणाला. "पण माझ्या बेकरीत हे यंत्र नको."

म्हणून मी शाळेत आले. मला वाईट वाटलं, खोटं कशाला सांगू!

पुढच्या वसंतात बर्फ एकदम वितळलं आणि नदी फुगली. मामाची बेकरी खालच्या गल्लीत होती. विटांच्या भट्टीत कमरेएवढं पाणी शिरलं. रस्ता बुडाला, शहरातून येणारी पावाची गाडी बंद झाली. बंधाऱ्यावर अख्खं गाव वाळूची पोती रचत होतं, आणि त्या माणसांच्या पोटात काही नव्हतं.

ओरिसियाने माझी हवा तापवली. पण लोखंडी साचे माझ्यात चालत नाहीत, ठिणग्या उडतात. भट्टीत चालणारी जाड काचेची भांडी तिच्याकडे जेमतेम चार. मग तिच्या निरोपावर गावातल्या बायका आपापली काचेची भांडी घेऊन धावत आल्या. प्रत्येकीच्या भांड्याच्या बुडाला नावाची चिकटपट्टी.

"माझं फुटलं तर तुझी खैर नाही, ओरिसिया!" शेजारीण हाफिया ओरडली आणि लगेच पीठ चाळायला बसली.

तेवढ्यात दारात चिखलाने भरलेले बूट वाजले. प्रोकोपमामा. त्याने कुणाकडे न बघता बाह्या सरसावल्या आणि कणकेत हात घातले.

"बघताय काय? गोळे लांबट करा. ह्या काचेच्या लांबट भांड्यांत गोल कसे बसणार?"

घाणा बाहेर, घाणा आत. दुपारी माझी एक नळी गेली. मामा म्हणाला, "बंद कर पोरी, जळून जाईल ते."

"नाही मामा. एक नळी आहे, हवा आहे. थोडा उशीर होईल, एवढंच."

मीही मनाशी ठरवलं, थांबायचं नाही. पत्रा तडतडत होता, पंखा घरघरत होता, पण माझ्या पोटातून पाव निघत राहिले. बायका ते फडक्यात गुंडाळून गरमगरम बंधाऱ्यावर पोचवत होत्या. बंधारा टिकला, मित्रांनो.

ईस्टर आला तेव्हा माझी नळी बदलून झाली होती, पण विटांची भट्टी अजून ओलीच होती. मामा सणाचा वेणी घातलेला पाव घेऊन शाळेत आला. हा पाव त्याने कधी दुसऱ्या कुणाच्या हाती दिला नव्हता. तो त्याने स्वतः माझ्यात ठेवला, दार लावलं आणि माझ्या पत्र्यावर हलकेच हात टेकवला.

"सांभाळ गं," तो पुटपुटला.

नंतर बरीच वर्षं गेली. मामा गेला. ओरिसिया मोठ्या कारखान्यांसाठी माझ्यासारख्या भट्ट्या बांधू लागली. माझ्यात कुणी झाडू ठेवले, कुणी रंगाचे डबे. माझ्या दाराची, लहरी आत अडवणारी पट्टी तडकली, आणि तशा दाराने मला चालवणं धोक्याचं, म्हणून मला भंगारात द्यायचं ठरलं.

यंदा केस पांढरे झालेली ओरिसिया आली. तिने झाडू बाहेर काढले, नवी पट्टी बसवली, दाराच्या फटी पुन्हा पुन्हा तपासल्या आणि वर्गातल्या मुलांना कणीक मळायला लावली.

मित्रांनो, तुमच्या घरीही कोपऱ्यात एखादं यंत्र गप्प उभं असेल. ते फेकण्याआधी एकदा पुसा, जाणत्या माणसाकडून तपासून घ्या. कदाचित त्याला एखादी पट्टीच हवी असेल. मला तेवढीच हवी होती. आता बाजूला व्हा, दार गरम आहे. मुलांचा पाव निघतोय.