मंडईतली चढाई

डॉक्टरनं लोकेशला बजावलं होतं, "चाल, सायकल चालव, पण कबड्डीचं नाव काढू नको." नागपूरला त्याच्या गुडघ्याजवळचं कॅन्सरचं हाड कापून तिथं धातूचा सांधा बसवला, त्याला आता दोन वर्षं होत आली होती. पण हाड बदललं म्हणून खोड थोडीच बदलते! यंदाच्या मंडईत, म्हणजे दिवाळीनंतरच्या जत्रेत, कबड्डीच्या सामन्याला गावाकडून उतरायचंच, हे त्यानं पक्कं केलं होतं. जिंकायची हौस नव्हती त्याला. आपण अजून खेळाडू आहोत की नाही, तेवढंच बघायचं होतं.

टीमचा कप्तान पवन, त्याचा लहानपणापासूनचा जोडीदार. सामना मुलचेरा गावाच्या टीमशी होता. लोकेशनं पवनला आधीच सांगितलं, "मुलचेऱ्याच्या पोट्ट्याइले माह्या पायाचं काही सांगू नको. पकडतीन त पकडू दे. मले कोणाची कीव नाई पाह्यजे."

"नाई सांगत बे," पवन म्हणाला. "मायची आन."

मंडईला सारं गाव लोटलं होतं. लोकेश चढाईला गेला आणि पहिल्याच खेपेला एकाला शिवून परत आला. लोकांनी टाळ्या वाजवून मैदान डोक्यावर घेतलं. केमोच्या सुया टोचून घेताना ज्यानं डोळ्यात पाणी येऊ दिलं नाही, तो गडी तिथं सगळ्यांदेखत रडला. पवननं त्याला मिठी मारली. लोकेशला वाटलं, झालं, आपण परत आलो.

दुसऱ्या चढाईला समोर सुकलू होता. मुलचेऱ्याच्या या पठ्ठ्यानं घोटा धरला की सुटका नाही. आजारपणाच्या आधीसुद्धा लोकेश त्याच्या हातून कधी सुटला नव्हता. त्यानं मुद्दाम चांगला पाय सुकलूच्या पुढ्यात टाकला. सुकलू मागं सरकला. लोकेश आणखी आत घुसला, जरा तोल गेला, तर त्याच सुकलूनं कोपराला धरून त्याला सावरलं आणि हात सोडून दिला. नालीवरून म्हाताऱ्याला पलीकडं न्यावं तसं.

लोकेश तिथंच थांबला. कबड्डी कबड्डी म्हणणं सोडून त्यानं विचारलं, "पकडत काऊन नाई?"

सुकलूनं मान खाली घातली. "पवन आला होता काल आमच्याकडं. तुही मायबी होती सोबत. हात जोडले तिनं. आता सगळ्याइलेच माहीत हाये, भाऊ."

म्हणजे मघाचा तो गुणही, टाळ्याही ठरवूनच. आजाराचं एक बरं होतं, तो तोंडावर सांगून आला होता. या मायेच्या माणसांनी मात्र केसानं गळा कापला. लोकेशनं मागं वळून पवनकडं पाहिलं. पवन जमिनीकडं पाहत होता.

बरं, एक तरी खरं राहू दे. चढाईत दम सोडला की खेळाडू बाद, हा नियम शेंबड्या पोरालाही ठाऊक असतो. पंच होते बापूजी, निवृत्त मास्तर. सख्ख्या नातवाला बाद देताना ज्यांनी मागंपुढं पाहिलं नव्हतं, ते.

"बापूजी," लोकेश म्हणाला, "दम सुटला माहा. मी बोललो. आउट द्या मले."

बापूजींनी तोंडातली शिट्टी काढून हातात घेतली आणि पवनकडं पाहिलं.