चालण्याचं खायचं नाही

"जी बाई दिवसभर चालते, तिनं चालण्याचं खाल्लंच पाहिजे. शरीर आज गप्प बसेल, पण विसरणार नाही," आई म्हणाली होती.

धाकटीने ते या कानाने ऐकलं आणि त्या कानाने सोडून दिलं. एका हाताने ती ठकीला, आपल्या वर्षभराच्या लेकीला, मऊ केळं भरवत होती आणि दुसऱ्या हाताने ताईच्या फोनमध्ये वजन उतरवायचं ॲप बसवून तिच्या मनगटावरचं पावलं मोजणारं घड्याळ त्याला जोडत होती.

"आई, तुझ्या काळी हे मोजायला घड्याळं नव्हती."

"नव्हती ना. म्हणून भूक लागली की आम्ही जेवायचो."

ताई खो खो हसली. तेव्हा ती अशीच हसायची, सगळं अंग गदगदा हलवून.

ताई टपाल वाटायची. खांद्याला पिशवी आणि पायाला भिंगरी. गल्लीतली कुत्रीसुद्धा तिच्यावर भुंकायची सोडून तिला पोचवायला यायची. लग्नाला बरीच वर्षं झाली, तरी तिच्या घरात पाळणा हलला नव्हता. शेवटी डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "थोडं वजन उतरवा, मग पुढचं बघू." ताईने त्यातलं 'उतरवा' तेवढं पक्कं धरलं. 'थोडं' मात्र दवाखान्याच्या दारातच राहून गेलं.

धाकटीला यातलं कळत होतं. ठकीच्या वेळी वाढलेलं वजन तिने याच ॲपवर उतरवलं होतं. ॲपने कामाचं स्वरूप विचारलं, तेव्हा तिने स्वतःचं होतं तेच ताईलाही लावलं : बैठं काम. ताईच्या चालण्याचं घड्याळ बघून घेईल, तेवढं खाणं ॲप आपणच वाढवून देईल, असा तिचा हिशेब. आणि ॲप देतही होतं. पहिल्याच संध्याकाळी ताईचा फोन आला.

"अगं, हे म्हणतंय मी अजून अख्खं जेवण जेवू शकते. जेवू?"

"मुळीच नाही. ही घड्याळं फुगवून सांगतात. मी जाळलेलं परत खात होते ना, तेव्हा महिनाभर काटा जागचा हलला नव्हता."

ते खरंच होतं. पण धाकटी दिवसभर कचेरीत खुर्चीवर बसायची आणि संध्याकाळी बागेला फेरी मारून येताना गोड पाव खायची. तिच्या फेरीचं आणि ताईच्या पायपिटीचं माप एक नव्हतं. हे तेव्हा दोघींपैकी एकीच्याही डोक्यात आलं नाही. चालण्याचं खायचं नाही, असा नियमच ठरून गेला.

त्यातून त्यांचा एक खेळ सुरू झाला. धाकटीला बिस्किटाचा मोह झाला, की ती ताईला कळवायची. ताई म्हणायची, "खा गं, माझं आज ढीगभर उरलंय. माझ्या नावावर खा." मग धाकटी चहात बिस्कीट बुडवायची. जे ताई चालली, ते धाकटी खायची. दोघी पोट धरून हसायच्या.

वजन उतरलं. टपाल कचेरीत पत्रं लावायच्या खणांपाशी बायका ताईला गोल फिरवून बघायच्या. भाऊजी म्हणायचे, "वारा सुटला की आता पत्रांवर ठेवतात तसं हिच्यावरही वजन ठेवावं लागणार." ताई हसायची, पण आता फक्त ओठांनी. घरातसुद्धा ती दोन स्वेटर घालायची. कंगव्यात केसांचा पुंजका यायचा, तो पटकन गुंडाळून टाकायची. पिशवीचा पट्टा खांद्यावरून सारखा घसरायचा. धाकटीने हे सगळं पाहिलं. मुलीची साधी शिंक मोजणारी बाई ती, तिला दिसणार नाही असं कसं होईल? पण जे दिसलं त्याला ती यश समजली.

आणि मग ताईची पाळी चुकली.

फेरी अर्धी टाकून, खांद्यावरच्या पिशवीसकट ती धाकटीच्या दारात आली. "पाळी चुकलीय," एवढंच म्हणाली. दोघी दारातच एकमेकींच्या गळ्यात पडल्या, आणि आपल्याला कुणी घेईना म्हणून ठकीने भोकाड पसरलं.

"घरीच तपासून बघू या?" धाकटीने विचारलं.

"नको. त्या पट्टीने मला फार रडवलंय. अजून एक महिना जाऊ दे, मग थेट डॉक्टरीणबाईंकडे."

दुसरा महिनाही तसाच गेला. भाऊजींना आभाळ ठेंगणं झालं. धाकटीने माळ्यावरून ठकीच्या तान्हेपणीच्या कपड्यांचं खोकं काढलं, एकेक अंगडं धुऊन इस्त्री केली. ताईने त्यातलं पिवळं टोपडं उचललं आणि मुठीवर चढवून बघितलं.

"आता तरी नीट जेव गं," आई म्हणाली.

"जेवते की. डॉक्टरीणबाई सांगतील तसं वाढवते. उगाच आत्ताच फुगायला नको."

दवाखान्यात धाकटी ठकीला घेऊन ताईच्या उशाशी उभी होती. यंत्राच्या पडद्यावर करडं करडं काहीतरी हललं. डॉक्टरीणबाईंनी पुन्हा बघितलं. मग पडदा बंद करून ताईला उठून बसायला हात दिला.

"दिवसभरात काय खाता?"

ताईने शाळेत पाठ म्हणून दाखवावा तसं सांगितलं. एक अंडं, एक सफरचंद, वाटीभर सूप, पावाचा एक काप.

"आणि काम काय करता?"

"टपाल वाटते. पायीच."

"मग ते चालणं या खाण्यात कुठे धरलंय?"

ताईने धाकटीकडे बघितलं. धाकटी ठकीच्या बुटाचा बंद बांधत राहिली. बंद सुटलेला नव्हता.

डॉक्टरीणबाई आवाज न चढवता बोलल्या. "बसून काम करणाऱ्या बाईने संध्याकाळी एखादी फेरी मारली आणि तेवढं नाही खाल्लं, तर काही बिघडत नाही. तुमचं तसं नाही. रोज इतकं चालायचं आणि त्याचं काहीच पोटात टाकायचं नाही, म्हणजे शरीराला वाटतं दुष्काळ पडला. मग ते आधी मुलाबाळांचं दार लावून घेतं. तुमची पाळी त्यामुळे थांबलीय."

"म्हणजे बाळ नव्हतंच?"

"नव्हतं."

"मग दोन महिने मी चालता चालता कुणाशी बोलत होते?"

ठकी "माशी, माशी" म्हणत मावशीचा पदर ओढत राहिली.

खाल्लंत तर दार उघडेल, असं डॉक्टरीणबाई म्हणाल्या. कधी, ते त्यांनी सांगितलं नाही, आणि ताईचं वय त्यांना ठाऊक होतं. भाऊजींनी घड्याळ काढून कुलपात टाकलं. धाकटीने दोघींच्या फोनमधून ॲप पुसलं. पण नियम काही पुसला जाईना. घास तोंडाशी नेला, की ताईचा हात मध्येच थांबतो. धाकटी फोनवर विचारते, "जेवलीस?" ताई म्हणते, "मघाशीच खाल्लं." एकदा धाकटी न सांगता गेली, तर मोरीत भाऊजींचं एकच उष्टं ताट होतं, ताईचं मांडणीवर कोरडं ठणठणीत.

तेव्हापासून ती दुपारी कचेरीतून निसटते, आईकडून ठकीला उचलते, आणि ताईच्या फेरीच्या वळणावर बुटक्या भिंतीपाशी डबा घेऊन बसते. परवा ठकीने केळ्याचा एक चावा घेतला आणि उरलेलं मावशीच्या ओठांना लावलं. ताईने सवयीने मनगटाकडे पाहिलं. घड्याळ नव्हतं, नुसता पट्ट्याचा फिकट वळ होता.

"हे कुणाच्या नावावर?" तिने विचारलं.

"तुझ्याच. सगळं तुझ्याच."

ताईने घास घेतला. तो ती कितीतरी वेळ चावत राहिली, आणि डोळ्यांतलं पाणी केळ्यावर पडलं तरी ठकीने ते हातातून सोडलं नाही.

आज ठकीला ताप आहे. धाकटीला घराबाहेर पडता आलेलं नाही. ताईचा फोनवर आवाज आला, "अगं, मघाशीच खाल्लं." भाऊजी परगावी गेलेत, आणि आईला आता तेवढं चालवत नाही.

म्हणून धाकटीचं तुमच्याकडे एक मागणं आहे. तुमच्याही ओळखीत अशी कुणीतरी असेल, मागच्या भेटीपेक्षा बारीक झालेली, सगळे कौतुक करतात ती, दर वेळी मघाशीच खाल्लं म्हणणारी. तिला फोन करू नका. फोनवर सगळ्याच जेवलेल्या असतात. तिच्याकडे जा, तिच्यासमोर बसा, आणि तिने पहिला घास गिळल्याशिवाय उठू नका.