मॅनेजरबाईंची मूठ

"सर, आकडे बघितले की ज्याच्या पोटात गोळा येतो, त्यानं दहावीनंतर काय करायचं?"

सरांना हा प्रश्न विचारून दाखव म्हणून शेजारच्या बाकावरच्या श्रेयानं भेळेची पैज लावली होती, म्हणून राजेश्वरी उभी राहिली होती. करिअर मार्गदर्शनाला आलेल्या सरांनी चष्मा कपाळावर सरकवला.

"मुलगी असेल तर लग्न!"

सगळा हॉल खदखदून हसला. राजेश्वरी खाली बसली नाही.

"आणि मुलगा असेल तर?"

हसू जिरलं. सरांनी हातातलं पत्रक चाळलं.

"हे बघ, इमारतींची देखभाल, रहिवाशांची व्यवस्था. याचेही कोर्स असतात. आकडेमोड कमी, माणसं सांभाळणं जास्त. पण खरं सांगू? शिकलेला वॉचमन."

जिंकलेली भेळ तिला गोड लागली नाही. त्यांच्या इमारतीच्या मॅनेजर संजीवनीताई तिच्या डोळ्यांपुढून हलेनात. कुणाच्या सासूला जिना चढवत नाही, कुणाचं कुणाशी वाजलंय, कुणाच्या घरी आज पाहुणे येणार, सगळं त्या बाईला तोंडपाठ. शिकलेला वॉचमन म्हणे!

घरी पोचली तर इमारतीखाली हा गलका. टाकी भरून वाहिली होती, गच्चीवर पाणी तुंबलं होतं आणि चौथ्या मजल्यावर सिंधुबाईंचं छत गळत होतं. राजेश्वरी दोन-दोन पायऱ्या घेत गच्चीवर गेली. पप्पा गच्चीच्या दारातच उभे होते. संजीवनीताईंनी पंप बंद केला होता, सिंधुबाईंचा पलंग पुढच्या खोलीत हलवून त्यांना चहाही पाजला होता. आता त्या घोटाभर पाण्यात बसून, कोपऱ्यातल्या पाणी जायच्या भोकात कोपरापर्यंत हात घालत होत्या.

"जाळी साफ ठेवा म्हणून किती येळा सांगायचं?" चेअरमन मोहनराव सगळ्यांदेखत ओरडत होते. "झोपा काढता व्हय? सोमवारपासून दुसरा माणूस बघतो मी."

ताईंचा हात वर आला. मुठीत फुगलेली ज्वारी होती.

राजेश्वरीची कानशिलं तापली. परवा पप्पांनी गावाकडच्या, कऱ्हाटीच्या शेतातली ज्वारी आणून इथंच वाळत घातली होती. ताईंनी दोनदा हात जोडून नको म्हटलं होतं. "गच्चीवर धान्य वाळवायचं न्हाय, तर काय सातबारा वाळवायचा?" असं म्हणून पप्पा वर हसले होते.

ताईंनी एकदाच दाराकडे पाहिलं आणि मूठ मिटली.

"कचरा हुता, मोहनराव. निघाला."

घळघळ आवाज करत पाणी जाऊ लागलं. पप्पा मोबाईलमध्ये काहीतरी शोधत जिना उतरले.

घरात येताच तिनं विचारलं, "पप्पा, तुमी गप का ऱ्हायला?"

"चारचौघांत कशाला उगंच? तिला काय, दुसरीकडं मिळंल काम."

"आदी चहा घे बरं तू," आईनं कप पुढे केला. "अन् अकरावीचा फारम भरायचाय, सायन्सचा."

कप तसाच राहिला. ओल्या चपला पायांत ठेवूनच राजेश्वरी दारात उभी होती.

"सायन्स मी घेणार न्हाय. संजीवनीताई करतात ते काम शिकणार हाय. आणि आत्ता मोहनरावांकडं चाललेय, ज्वारी कुणाची हुती ते सांगायला. पप्पा, तुमी येताय, का मी एकटीच जाऊ?"