मधल्या रेषेखालचं कडं

पहिल्या फेरीत मैदानातून निघालं ते असं: मांडवाचे खिळे अठ्ठावन्न, बाटल्यांची बुचं तेवीस, बुटांचे स्पाइक तीन, एक किल्ली आणि पैंजणाचा एक घुंगरू. घुंगरू चांदीचा वाटला, पण घासून पाहिला तर आत पितळ होतं.

मरोळच्या या मैदानावर थंडीत कबड्डीचे सामने होतात आणि एरवी कसले ना कसले मांडव पडतात. मांडव निघाले तरी खिळे मातीत राहतात आणि अनवाणी पोरांच्या तळव्यात शिरतात. भूभौतिकीत एम.एस्सी. झाल्यावर मी पहिली वस्तू घेतली ती मेटल डिटेक्टर, आणि तो मुख्यतः याच कामी आला. त्या रविवारी मात्र मी खिळ्यांसाठी आले नव्हते. सोमवारी इथे काँक्रीट पडणार होतं, त्यावर मॅट. त्याआधी एकदा नीट शोध, असं सुलक्षणाताईने मला सांगितलं होतं. सांगितलं कसलं, बजावलं होतं.

शोधायचं होतं ते धोंडूचं चांदीचं कडं. धोंडू हा माझ्या आजोबांच्या, म्हणजे गुणाजींच्या, संघातला चढाईपटू. ऐन विशीत काविळीने गेला. सामन्याआधी तो कडं काढून आजोबांकडे देत असे, ते त्यांच्याकडेच राहिलं. आजोबांनी आणि त्यांचा जिवलग दोस्त काशीराम यांनी ते मधल्या रेषेखाली पुरलं. प्रत्येक चढाई त्याच्यावरूनच जाईल, एवढंच त्यांच्या मनात होतं. जागा दोघांनाच ठाऊक होती.

आठ वर्षांनी धोंडूची आई कायमची गावी निघाली, तेव्हा तिने कडं मागितलं. आजोबांनी रेषा खणली. काही मिळालं नाही. काशीरामने त्याच वर्षी पिठाची गिरणी टाकली होती. आजोबांनी भर मैदानात त्याला चोर म्हटलं. काशीराम मंडळातून निघाला, पण सामने पाहणं सोडलं नाही. भिंतीबाहेर उभा राहून पाहायचा. गेल्या मार्चमध्ये तो वारला. आजोबा अंत्ययात्रेला गेले नाहीत. सुलक्षणाताई त्याची मुलगी, गिरणी आता तीच चालवते.

आजोबा खुर्ची टाकून बसले होते. ताई त्यांच्यापासून लांब, उन्हात उभी.

"मशीन खिळेच खातंय सकाळपासून," ती म्हणाली. "चांदी पचत नाही वाटतं त्याला."

मधल्या रेषेवर मी दोनदा फिरले होते. मग दोऱ्या बांधून सगळं मैदान पट्ट्यांत घेतलं. भिंतीकडच्या अंगाला, रेषेपासून बरंच अलीकडे, स्वच्छ उंच आवाज आला. लोखंडाचा असा येत नाही. खुरप्याने उकरलं. हातभर खाली काळं पडलेलं जाड कडं होतं, आतल्या बाजूला 'धों' कोरलेलं.

ताईने ते हातात घेतलं नाही. आजोबांकडे पाहत राहिली.

आजोबांनी कडं फिरवून फिरवून पाहिलं. अंगठा त्या अक्षरावर बराच वेळ होता. मग म्हणाले, "हयसर नव्हतां पुरलेला. रेषेखाली होतां. काशीरामान मागसून आणून टाकल्यान असताला."

"काका," ताई म्हणाली, "माझा बाप मेला. आता तरी त्याला भिंतीबाहेरून घरी जाऊ दे."

आजोबांनी शब्द मागे घेतला नाही. आणि मला त्यांना खोटं पाडता येत नव्हतं. कडं कधी पुरलं ते डिटेक्टर सांगत नाही. मातीचे थर कदाचित सांगू शकले असते, पण ते मी घाईने उकरून मोडले होते.

मी आजोबांना विचारलं, रेषा आखायचे कशी. त्यांना प्रश्नच विचित्र वाटला. मंडळाची दोरी होती ना, गाठी मारलेली. एक टोक भिंतीच्या पायाला धरायचं, पहिल्या गाठीवर शेवटची रेषा, पुढच्या गाठीवर मधली. अजून तीच दोरी आहे, आजही तशीच आखतात. गाठ कधी चुकली नाही, असं त्यांनी अभिमानाने सांगितलं.

"आणि भिंत?"

"भिंत काय? भिंत थंयच..."

ते थांबले. भिंतीच्या आतल्या अंगाचं गटार रुंद केलं तेव्हा जुनी भिंत पाडून नवी आत घेतली होती. त्याच्या दुसऱ्या वर्षी त्यांनी रेषा खणली होती. भिंत सरकली हे अख्ख्या मरोळला माहीत होतं. दोरी तीच होती, म्हणून रेषाही तीच, असं सगळे धरून चालले होते.

"तो म्हणालेलो," आजोबा हळू म्हणाले. "म्हणालेलो, गुण्या, आजूबाजूक खण. मी फावडा फेकलंय त्याच्या पायाशी."

ताईने माझ्या हातातून टेपचं टोक घेतलं आणि खड्ड्याच्या मध्यावर धरलं. तिथून आजच्या मधल्या रेषेपर्यंत दोन मीटर सात सेंटिमीटर भरले.

मग आम्ही फाटकातून बाहेर गेलो. आजोबाही उठून मागे आले. गटारापलीकडे, रसवंतीच्या बाकाखाली, जुन्या भिंतीचा पाया अजून एक वीट वर होता. ताईने टोक त्या विटेवर दाबून धरलं. मी गटार ओलांडून टेप नव्या भिंतीच्या पायापर्यंत ताणला, भिंतीच्या जाडीचा हिशेब दोन्हीकडे सारखा धरला आणि आकडा मोठ्याने वाचला.

दोन मीटर पाच सेंटिमीटर.