सूरजला इचारलं व्हतं

आता समदी म्हणत्यात, रतनच्या तोंडाला लागू नगा. नगाच लागू. माझं तोंड आता बंद व्हणार न्हाय.

माझा सूरज बारा वर्सांचा. अंगातली ताकद कणाकणानं गळून जाणारा आजार त्याला. आदी पाय गेलं, मग दम पुरंना झाला. दिवाळीच्या टायमाला पुण्याच्या दवाखान्यात नेला, तितं घशात नळी घातली. नळी उपसंल म्हणून लेकराचं हात बांधलं आन् मला काचंच्या भाईर हुबं केलं. बोलता येत नव्हतं त्याला. नुसतं डोळ्यांनी बोलावत व्हता मला.

म्हणून बारामतीच्या डॉक्टरीणबाईंनी आमाला म्होरं बसवलं. पुन्यांदा दम कोंडला तर काय करायचं, ते आत्ताच ठरवू म्हणाल्या. आन् नुसतं आमालाच न्हाय, सूरजलाबी इचारलं. दुसऱ्या कुणाला सुचलं व्हतं का हे? पोरगं म्हणालं, "नळी नगं. पुणं नगं. मला घरी ठेवा, आईजवळ." नळी घातली तरी आजार काय हटणार न्हाय, हे बाईंनी सांगितलंच व्हतं. घुसमट कमी करायला जिभंखाली सोडायचं थेंब दिलं, कवाबी फोन करा म्हणाल्या. आमच्या मालकांनी मान डोलावली. मी सूरजला म्हणलं, "तू म्हणशील तसंच हुईल, बाळा."

माझं थोरलं दीर, दिग्विजय भावजी, सोसायटीचं चेअरमन. त्यांना हे कळलं आन् त्यांचं टाळकंच सरकलं. "पोरगं जित्तं असताना मरणाची तयारी करताय? अभद्र कुठली! उद्या लोक म्हणतील, चेअरमननं पुतण्याला घरात मरू दिलं. मी तोंड कुठं दाखवू?"

घ्या! लेकराचा दम चाललाय आन् ह्यांना तोंडाची पडलीया.

त्या दुपारी सूरजला दम लागला. मी थेंबांची बाटली घ्यायला आत गेले, तवर अंगणात गाडी आली. भावजींनी पोराला खांद्यावर घेतलं. आन् आमचं मालक? गाडीचं दार उघडून हुबं! मान डोलावणारं मुंडकं ते, कुणाम्होरंबी डोलतंय. मी अनवाणी पळत सुटले, बाटली उंबऱ्यात हातातनं निसटली. गाडी चालू झाली व्हती, बाटली उचलाय गेले असते तर पोराला एकटंच नेलं असतं. मी तशीच आत घुसले.

"भावजी, वळवा! औषध घरी राहिलं!"

"पुण्यात औषधाला तोटा हाय का? गप बस."

सूरजचं ओठ निळं पडलं. माझा पदर मुठीत धरून म्हणतो, "आई, घरी... तू म्हणली व्हतीस." मी भावजींच्या सीटवर बुक्क्या घातल्या. "त्याला इचारलं व्हतं! त्यानं सांगितलं व्हतं! वळवा म्हणते ना!"

"ह्यो हायवे हाय, रतन. मधी डिव्हायडर हाय. कुठं वळवू?"

आमचं मालक खिडकीतनं उसाच्या ट्रॉल्या बघत बसलं. बाप म्हणं!

मी नुसती पोराची छाती चोळत व्हते. दुसरं व्हतं काय माझ्या हातात? भिगवणच्या अलीकडं त्याचा दम थांबला. म्होरं मासळीची हॉटेलं, मागं ट्रकांचं हॉर्न. धड घर न्हाय, धड दवाखाना न्हाय. पदर त्याच्या मुठीतच राहिला.

मग भावजींनी गाडी हळू केली, घसा खाकरला. "आता पुण्याला जाऊन काय करायचं? घरीच नेऊ. पोरगं आपल्या अंगणातनंच निघालं पायजे, लोक येत्याल."

आन् वळवली की हो गाडी. भिगवणच्या चौकातच जागा घावली त्यांना.